आवाज केव्हा येतो, ते आधी सांगा

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे बॉनेटखालच्या आवाजांविषयीची पत्रे सर्वांत जास्त आली आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रलेखकांनी आवाजांची वर्णने फार नेमकी केली आहेत. किरकिर, खुळखुळ, घरघर, टकटक आणि ठकठक यांत फरक करणारी भाषा आपल्याला आयती मिळाली आहे आणि गॅरेजमध्ये तिचा खरोखर उपयोग होतो. मात्र बहुतेक पत्रांत आवाज कसा आहे आणि कोठून येतो एवढेच असते, तो केव्हा येतो हे नसते. इंजिन म्हणजे बोल्टांनी एकमेकांना आवळलेले धातूचे ठोकळे. एका बाजूला उठलेला आवाज दुसऱ्याच बाजूच्या झाकणातून बाहेर पडतो आणि कान फसतो. वेळ सहसा फसवत नाही. आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, रेसबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर, एसी, दिवे, क्लच किंवा चढ यांपैकी कशाने तो बदलतो, एवढे कळवले तर निम्मे निदान पत्रातच झालेले असते.

प्रश्न : माझी पेट्रोल कार सात वर्षांची असून ६८,००० किलोमीटर चालली आहे. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की चीं चीं असा कर्कश आवाज येतो आणि मिनिटाभरात थांबतो. वर्षभरात दोनदा फॅन बेल्ट बदलला, तरी आवाज परत येतो. आता मेकॅनिक अल्टरनेटर बदलायला सांगत आहे. बदलावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लगेच बदलू नका. ज्याला आपण सगळे अजूनही फॅन बेल्ट म्हणतो, त्यावर आजच्या बहुतेक गाड्यांत फॅन नसतोच. फॅन विजेवर चालतो आणि हा बेल्ट वीज तयार करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत वॉटर पंप फिरवतो. सकाळी सेल्फ मारल्यावर बॅटरीची जेवढी वीज खर्च झाली असेल तेवढी भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर पहिली काही मिनिटे जास्त ओझे असते. त्यातच कोकणातल्या दमट हवेने बेल्ट आणि पुली ओलसर झालेल्या असतात, त्यामुळे बेल्ट घसरतो आणि ओरडतो. बॅटरी भरत आली आणि बेल्ट कोरडा झाला की आवाज थांबतो. आपण सांगितलेली वेळ या कारणाशी तंतोतंत जुळते.

परंतु वर्षात दोन नवे बेल्ट ओरडले, याचा अर्थ दोष बेल्टमध्ये नसून तो ज्यांच्यावरून फिरतो त्यांच्यात आहे. यासाठी एक जुनी आणि बिनखर्चाची चाचणी आहे. आवाज चालू असताना, इंजिन मंद चालत असताना, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीतून थोडे साधे पाणी फवारायला मेकॅनिकला सांगा. पाणी पडताच आवाज वाढला, तर बेल्टला ताण कमी पडत आहे. म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग थकली आहे किंवा बेल्ट चुकीच्या मापाचा बसवला आहे. पाणी पडताच आवाज बंद झाला आणि काही सेकंदांत परत आला, तर पुली एका रेषेत नाहीत. असा तिरका बेल्ट चीं चीं असे लांबट ओरडण्यापेक्षा चिमणीसारखा चिवचिव जास्त करतो, हेही लक्षात ठेवावे. तिसरी शक्यता म्हणजे पुलीच्या खाचांत ऑइल किंवा कूलंट उतरत असणे. तसे असेल तर गळती बंद केल्याशिवाय तिसरा बेल्टही महिन्याभरात ओरडू लागेल. बेल्टवर साबण, मेण किंवा बाजारात मिळणारा फवारा मारून आवाज बंद करणारे अनेक आहेत. त्याने चार दिवस शांतता मिळते आणि खाचांत चिकटा साठतो.

आता अल्टरनेटरविषयी. त्याचे बेअरिंग खराब असेल तर चीं चीं न होता घरघर होते, ती रेसबरोबर चढत जाते आणि मिनिटाभरात थांबत नाही. तरीही शंका फेडायची असेल तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवावा आणि अल्टरनेटर, टेन्शनर व आयडलर (बेल्टला नुसते वळण देणारी चाकी) यांच्या पुली एकेक करून हाताने फिरवाव्यात. चांगली पुली गुळगुळीत फिरते आणि लवकर थांबते. ग्रीस वाळलेली पुली उलट सैल, मोकळी आणि खडबडीत फिरत राहते, तिच्यात बारीक वाळू अडकल्यासारखे बोटांना जाणवते. काही गाड्यांत अल्टरनेटरच्या पुलीला एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो आणि तो बिघडला की बेल्टला झटके बसतात; तो अल्टरनेटरपासून वेगळा बदलता येतो.

चालत्या इंजिनावर ऐकायची जुनी रीत म्हणजे लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचे टोक अल्टरनेटरच्या स्थिर भागावरील बोल्टवर टेकवायचे, मुठीवर अंगठा ठेवायचा आणि अंगठ्याचे नख कानासमोरच्या हाडाला लावायचे. माझ्या उमेदवारीच्या काळातले वस्ताद यासाठी बांबूची हातभर काठी वापरत, कारण ती निसटून बेल्टमध्ये गेली तरी तुटते, माणसाला इजा करत नाही. ओढणी, पदर, सैल बाही, घड्याळ आणि मोकळे केस यांना या कामात स्थान नाही. मी स्वतः एकदा काठी न लावता नुसत्या कानावर भरवसा ठेवून ग्राहकाचा अल्टरनेटर बदलला होता. दोष त्याच्या शेजारच्या, वीतभरही अंतर नसलेल्या आयडलर पुलीत होता आणि नव्या अल्टरनेटरसह गाडी तशीच घरघरत माझ्या दारातून बाहेर पडली.

पूर्वीचे बेल्ट जुने झाले की त्यांना भेगा पडत. आताचे रबर वेगळे असल्याने त्यांना भेगा क्वचित पडतात. ते टायरसारखे झिजतात आणि खाचा खोल होतात. म्हणून 'बेल्टला भेग नाही, अर्थात तो चांगला आहे' हा निष्कर्ष आता चालत नाही.

प्रश्न : गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिनाकडून घरघर येते, पण क्लच दाबला की ती थांबते. क्लच बदलावा लागेल का? (ठाणे)

उत्तर : हा आवाज इंजिनाचा नाही. क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्समधला पहिला शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो आणि क्लच दाबला की तो थांबतो, त्यामुळे दाबल्यावर थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची असते. याच्या नेमके उलट, म्हणजे क्लच दाबल्यावर सुरू होणारी घरघर क्लचच्या रिलीज बेअरिंगची. पहिल्या प्रकारात आधी गिअर ऑइलची पातळी पाहावी. नुसती क्लच प्लेट बदलून उपयोग होणार नाही.

प्रश्न : माझ्या डिझेल कारचे १,१०,००० किलोमीटर झाले आहेत. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो, नंतर इंजिन पूर्वीसारखे चालते. दिवसभरात पुन्हा सुरू केली तर आवाज येत नाही. दुर्लक्ष करावे का? (नागपूर)

उत्तर : आपल्या गाडीत क्रँकशाफ्टवरून (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवायला टायमिंग बेल्ट आहे की टायमिंग चेन, हे पत्रात नाही, पण आपण साखळी हा शब्द वापरला तो बहुधा योग्यच ठरेल. चेन असलेल्या बहुतेक इंजिनांत तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की वरच्या भागातले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहून झाकणाला किंवा तिच्या मार्गदर्शक पट्ट्यांना घासते. म्हणून आवाज फक्त पहिल्या सुरुवातीला येतो.

येथे तीन गोष्टी स्वस्तापासून महागापर्यंत या क्रमाने तपासाव्यात. पहिली, ऑइल फिल्टर. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल मागे वाहू नये यासाठी त्यात रबरी झडप असते. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते, आणि फिल्टर आडवा बसवलेला असेल तर परिणाम लगेच जाणवतो. केवळ कंपनीचा अस्सल फिल्टर बसवल्याने हा आवाज गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. दुसरी, ऑइलची पातळी आणि प्रत. पुस्तिकेत सांगितले आहे त्यापेक्षा घट्ट ऑइल 'जुन्या इंजिनाला बरे' म्हणून घातले जाते आणि थंड इंजिनात ते वर पोचायला उशीर लावते. तिसरी, टेन्शनर आणि चेन. चेन 'ताणली' असे आपण म्हणतो, पण त्यात पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली खीळ आणि तिचे भोक अतिशय थोडे झिजते, आणि शंभराहून अधिक कड्यांची ती झीज एकत्र होऊन चेन लांब होते. लांबी एका मर्यादेपलीकडे गेली की क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडल्याचा संदेश गाडीचा संगणक नोंदवतो. स्कॅनरवर पी००१६ असा आकडा दिसला तर फिल्टर बदलण्यात वेळ घालवू नये.

दोन-तीन सेकंदांचा आवाज दहा सेकंदांवर गेला, किंवा तापलेल्या इंजिनातही येऊ लागला, तर दुर्लक्ष करण्याची मुदत संपली असे समजावे. चेन एक-दोन दात सुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग खर्च चेनचा राहत नाही. सकाळी सुरू केल्याबरोबर रेस करण्याची सवय असेल तर ती मात्र आजच सोडावी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी गाडीला सीएनजी किट बसवले. गॅसवर चालताना बॉनेटखाली सतत टिकटिक ऐकू येते, पेट्रोलवर ती कमी होते. काही जण सांगतात की टॅपेट सेट करून घ्या. (पिंपरी)

उत्तर : आपल्या पत्रातले 'पेट्रोलवर ती कमी होते' हे चार शब्द सर्वांत मोलाचे आहेत. टॅपेटला, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या दुव्याला, कोणते इंधन जळते आहे याचा पत्ता नसतो. इंधन बदलल्याबरोबर बदलणारा आवाज इंधनाच्याच यंत्रणेचा असतो. गॅसचे इंजेक्टर म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या लहान झडपा असून पेट्रोलच्या इंजेक्टरपेक्षा त्यांचा आवाज मोठा असतो, आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये त्यांची पट्टी अनेकदा पत्र्याच्या कंसावर घट्ट आवळलेली असते, त्यामुळे तो पत्राच पडद्यासारखा वाजतो. कंसाखाली रबरी वॉशर घालून पाहावे. टिकटिक कमी झाली तर चिंता मिटली.

तरीही टॅपेटविषयी थोडे लिहितो, कारण सीएनजीच्या गाड्यांत धोका नेमका उलट्या दिशेने येतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसहा वेळा उघडतो. सैल टॅपेटची टकटक म्हणूनच इंजिनाच्या मानाने सावकाश, शिवणयंत्रासारखी वाटते. ज्या इंजिनांत टॅपेट आपोआप जुळवून घेणारे नसतात, त्यांत फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, टॅपेटची फट मोजावी लागते. ती बऱ्याच पेट्रोल इंजिनांत इनटेकला ०.२ मिलिमीटरच्या आसपास आणि एक्झॉस्टला त्याहून थोडी जास्त असते, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्यावा. आता गॅस हे कोरडे इंधन असल्याने व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ही फट वाढण्याऐवजी कमी होते. टकटक बंद होते, गाडीमालक खूश होतो, आणि पूर्ण न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळू लागतो. सकाळी इंजिन लवकर न पकडणे, मंद चालताना एक सिलिंडर चुकल्यासारखा हिसका बसणे आणि तरीही इंजिन पूर्वीपेक्षा शांत असणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर टॅपेट तपासणे तातडीचे आहे. हलका वाजणारा टॅपेट मला मुक्या टॅपेटपेक्षा केव्हाही परवडतो.

प्रश्न : चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्या गिअरमध्ये येत नाही. हे इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे होत असेल का? (चिपळूण)

उत्तर : इथेनॉलवर हा आरोप ठेवता येत नाही, कारण त्याचा ऑक्टेन आकडा सुमारे १०८, म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा बराच अधिक आहे आणि ऑक्टेन वाढल्याने नॉकिंग कमी होते. आपण ऐकता ते नॉकिंगच आहे. ठिणगीने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्यापूर्वी कोपऱ्यातले उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकते आणि त्या दाबाची लाट भिंतींवर आदळून खड्यांसारखा खळखळाट होतो. घाटात, मोठ्या गिअरमध्ये, कमी रेसवर आणि दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर यासाठी लागणारी सगळी परिस्थिती जुळून येते, म्हणून पहिला उपाय आपल्या हातातच आहे: गिअर लवकर उतरवा. 'घाटात तिसरा धरला की पेट्रोल वाचते' हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे; नॉकिंग होत असेल तेथे तो महागात पडतो.

आजच्या गाड्यांत सिलिंडर ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. तो ही लाट ओळखतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या गाडीत हा आवाज क्षणभरच यावा. आपल्याकडे तो सबंध चढभर येत असेल, तर सेन्सर व त्याची वायर, सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, चुकीच्या क्रमांकाचे स्पार्क प्लग आणि कूलंटचे तापमान या गोष्टी तपासाव्यात. एका पंपावर पेट्रोल भरल्यापासूनच आवाज सुरू झाला असेल, तर टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्यावी आणि दुसरीकडे भरून तोच घाट त्याच गिअरमध्ये पुन्हा चढून पाहावा.

प्रश्न : इंजिन मंद चालत असताना बॉनेटखालून शिट्टीसारखा, मध्येच हुंदक्यासारखा आवाज येतो. रेस केली की जातो. गॅरेजमध्ये बेल्ट आणि पुली पाहून झाल्या, सर्व ठीक आहेत. (नाशिक)

उत्तर : मंद चालताना इनटेकमध्ये निर्वात सर्वाधिक असतो आणि रेस केल्यावर तो घटतो, म्हणून रेसने जाणारी शिट्टी बहुधा हवा कोठून तरी आत ओढली जात असल्याची असते. गाडी पेट्रोलची असेल तर मंद चालत्या इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सावकाश सैल करून पाहावे (थोडे ऑइल उडू शकते, कापड हाताशी ठेवावे). झाकण आतून घट्ट ओढले गेल्यासारखे वाटले आणि ते उघडताच शिट्टी बंद झाली, तर क्रँककेसची वाफ इनटेककडे नेणाऱ्या पीसीव्ही झडपेचा रबरी पडदा फाटलेला आहे. आत ओढली जाणारी हवा त्या फटीतून आणि ऑइल सीलांच्या ओठांवरून जाताना बासरीसारखी वाजते. झाकणाने फरक पडला नाही तर ब्रेक बूस्टरची नळी आणि इनटेकचे गॅस्केट पाहावे.

डिझेल टर्बो गाडीची शिट्टी हा वेगळा विषय आहे. टर्बोचे चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेते आणि थोडी शिट्टी त्याच्या स्वभावातच आहे. ती अचानक मोठी झाली, पिकअप गेला आणि काळा धूर येऊ लागला, तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची नळी फाटली आहे का हे प्रथम पाहावे; फाटलेल्या जागेभोवती ऑइलचा ओलसर डाग असतो.

प्रश्न : गेल्या आठवड्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारला, चौथ्या-पाचव्या वेळी ती सुरू झाली. तेव्हापासून इंजिनात मंद ठकठक येते आणि धूर वाढला आहे. ऑइल बदलले, तरी फरक नाही. (सांगली)

उत्तर : गाडी चालवणे कृपया आजच थांबवा. एअर फिल्टरच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी गेले की पिस्टनला ते दाबता येत नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळून अडतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. चालत्या इंजिनात हे घडते तसेच बंद पडलेल्या इंजिनाला पुनःपुन्हा सेल्फ मारल्यानेही घडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईतल्या गॅरेजांत आलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष हाच होता: पाण्याने बंद पाडलेले इंजिन मालकाने घाईने पुन्हा सुरू करून मोडलेले.

किंचित वाकलेला रॉड आखूड होतो, त्यामुळे त्या सिलिंडरचा पिस्टन पूर्वीइतका वर पोचत नाही, दाब कमी पडतो, इंधन अर्धवट जळते आणि धूर येतो. पिस्टन तिरका चालून भिंतीवर ठोकतो, तो आपला आवाज. ऑइल बदलून रॉड सरळ होत नाही. सर्व सिलिंडरांचा कॉम्प्रेशन तपासून घ्यावा. एकाचा आकडा इतरांपेक्षा स्पष्ट कमी आला, तर त्या सिलिंडरचा पिस्टन किती उंच येतो हे प्लग किंवा इंजेक्टर काढून मोजता येते, इंजिन उघडावे लागत नाही. वाकलेला रॉड चालवत राहिल्यास तो एक दिवस मोडतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. विम्याची कागदपत्रेही आजच पाहावीत: साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बंद इंजिनाला सेल्फ मारल्याने झालेले नुकसान सहसा मान्य होत नाही, इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली असेल तर गोष्ट निराळी.

प्रश्न : गाडी बंद करून किल्ली काढल्यावरही बॉनेटखाली टिक् टिक् होत राहते आणि कधी पंखाही सुरू राहतो. दोष आहे का? (म्हापसा)

उत्तर : नाही. तापलेला सायलेन्सर आणि त्यावरचे पत्रे थंड होऊन आकसताना टिकटिकतात, आणि कूलंट गरम असेल तर अनेक गाड्यांत पंखा काही मिनिटे चालतोच. मात्र याच कारणाने, इंजिन बंद आहे म्हणून पंख्याजवळ हात नेऊ नये. उकळल्यासारखी गुडगुड ऐकू आली तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी पाहावी.

प्रश्न : एसीचा ब्लोअर लावला की पानांवरून काही सरकल्यासारखी खरखर येते. इंजिनाशी संबंध दिसत नाही. (बडोदे)

उत्तर : संबंध उंदराशी आहे. ब्लोअरचा वेग बदलताच खरखर बदलत असेल, तर केबिन फिल्टर काढून पाहावा. पावसाळ्यात तेथे कापूस, बॉनेटच्या अस्तराचे तुकडे आणि शेंगांची टरफले यांचा संसार मांडलेला सापडतो. घरटे काढल्यावर जवळच्या वायरी कुरतडल्या आहेत का हे पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

प्रश्न : इंजिनातून खोल ठकठक येते. एका गॅरेजने तीन मिनिटे ऐकून 'बिग एंड गेले, इंजिन बांधावे लागेल' असे सांगितले. ऑइलचा दिवा लागत नाही. खात्री कशी करावी? (सोलापूर)

उत्तर : निदान बरोबर असू शकेल, परंतु तीन मिनिटांच्या ऐकण्यावर इंजिन उघडू देऊ नये. बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉडचे क्रँकवर बसणारे टोक. त्याच्या बेअरिंगचा ठोका क्रँकच्या प्रत्येक फेरीला पडतो, म्हणून तो टॅपेटच्या दुप्पट जलद असतो आणि आवाजाने जड असतो. इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर तो वाढतो, आणि रेस देऊन पाय अचानक उचलला त्या क्षणी सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. थंड असताना मोठा आणि तापल्यावर कमी होणारा ठोका बहुधा सैल पिस्टनचा असतो, आणि तसे इंजिन अनेक वर्षे चालते. थंड असताना टकटक करून तापल्यावर बंद होणारा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फुटणाऱ्या वायूचाही असू शकतो. हा वायू विषारी असल्याने केबिनमध्ये वास येत असेल तर काचा उघड्या ठेवाव्यात.

मेकॅनिककडून एकेक सिलिंडर बंद करवून घ्यावा. पेट्रोल गाडीत इंजेक्टरचे कनेक्टर काढून किंवा स्कॅनरवरून हे करता येते. ज्या सिलिंडरचे जळणे थांबवताच ठोका मऊ होतो किंवा नाहीसा होतो, तेथे दोष आहे. कोणताही सिलिंडर बंद केला तरी ठोका तसाच राहिला, तर बिग एंडचा संशय बराच कमी होतो आणि क्रँक पुलीचा सैल बोल्ट, तिच्यातले सुटलेले रबर, इंजिनाचे बसलेले माउंटिंग, एसी कॉम्प्रेसरचा कंस, तसेच ऑटोमॅटिक गाडीत तडकलेली फ्लेक्स प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी चकती) यांच्याकडे वळावे. या सगळ्यांचे ठोके बाहेरून हुबेहूब बिग एंडसारखे ऐकू येतात.

ऑइलचा दिवा लागत नाही यावर विसंबू नये. तो दाब फारच खाली गेल्यावर लागतो. दिव्याच्या स्विचच्या जागी सुई असलेला गेज लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर दाब मोजावा आणि तो सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावा. शेवटी ऑइल काढताना ते पांढऱ्या तसराळ्यात घ्यावे, उन्हात धरावे, आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा. त्यात तांबूस किंवा रुपेरी चमचम दिसली तर गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे आहे आणि गाडी चालवत नव्हे, टोइंग करून न्यावी. तो कागद काळा पण स्वच्छ निघाला, दाब पुरेसा आला आणि सिलिंडर बंद करून ठोका हलला नाही, तर आधी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून पाहायला सांगावे.